हात सैल सोडा

मनुष्यदेहाची जी नाना मापे घेण्याचा प्रघात वैद्यकाने पाडला आहे, त्यांपैकी बहुतेक मापे माप घेणाऱ्याच्या उपस्थितीची दखल घेत नाहीत. वजनकाट्यावर उभे राहून पोट कितीही आत ओढून धरले तरी काटा त्या पुरुषार्थाला दाद देत नाही. जिभेखाली थर्मामीटर धरून 'मला ताप नाही' असा कितीही दृढ संकल्प केला तरी पारा आपले मत बदलत नाही. आणि उंचीचे म्हणाल, तर विवाहमंडळाच्या अर्जावर ती दोन इंच वाढलेली आढळते खरी, परंतु भिंतीला पाठ टेकताच निमूटपणे मूळपदावर येते. रक्तदाबाची जात निराळी आहे. आपले माप घेतले जात आहे हे त्याला कळते, ते कोण घेत आहे हेही कळते, आणि त्या व्यक्तीविषयी आपल्या अंतःकरणात आदर, धाक किंवा बिलाची चिंता यांपैकी जे काही वसत असेल, ते तो तत्काळ आकड्यांत मांडून दाखवतो. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीवरून तिच्या नित्याच्या स्वभावाचे जेवढे ज्ञान होते, तेवढेच दवाखान्यात घेतलेल्या एका मापावरून रक्तदाबाचे होते. आणि दोन्ही ठिकाणी त्या दहा मिनिटांच्या भरवशावर जन्माचा निकाल लावण्याची आपली वहिवाट आहे.

वास्तविक या कामाचा शिरस्ता शास्त्रज्ञांनी मोठ्या बारकाईने घालून दिलेला आहे. मापापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम वर्ज्य. मूत्राशय रिकामे असावे. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दोन्ही पावले जमिनीला टेकलेली असावीत, पायावर पाय टाकू नये. दंड उघडा असावा, हाताला खालून आधार असावा आणि पट्टा हृदयाच्या पातळीवर यावा. या अवधीत रुग्णाने बोलू नये आणि त्याच्याशीही कोणी बोलू नये. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचे माप घ्यावे. आणि एकदा घेतल्यावर मिनिटभराने पुन्हा घेऊन सरासरी काढावी. ही कलमे ज्यांनी लिहिली त्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही; परंतु त्यांपैकी कोणी आपल्याकडील एखाद्या दवाखान्यात संध्याकाळी सात वाजता येऊन बसला असेल, अशी खूण त्यांत कोठेही आढळत नाही.

आपल्या पेठांतला दवाखाना बहुधा दुसऱ्या मजल्यावर असतो, आणि त्याचा जिना ज्याने बांधला त्याला वरती हृद्रोगाचे रुग्ण जाणार आहेत याची आगाऊ कल्पना असावी, असा संशय येण्याइतक्या त्याच्या पायऱ्या उंच असतात. वर पोहोचलेल्या मनुष्याला जे बाक मिळते त्याला पाठ नसते. असलीच तर ती अगोदर आलेल्यांनी अडवलेली असते. समोरच्या भिंतीवर हृदयाचा उभा छेद दाखवणारे रंगीत चित्र टांगलेले असते आणि त्यातली एक रक्तवाहिनी पिवळ्या मेदाने अर्धीअधिक बुजलेली असते. पाच मिनिटे स्वस्थ बसावे हे जे वर सांगितले, ती पाच मिनिटे या चित्राच्या सान्निध्यात काढावयाची असतात. तथापि रक्त खऱ्या अर्थाने उसळते ते 'डॉक्टरांना नुसता रिपोर्ट दाखवायचाय' असे म्हणून दार लोटणाऱ्या इसमामुळे. हा इसम प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक संध्याकाळी येतो. त्याला नंबर नसतो, घाई असते. एका मिनिटासाठी आत गेलेला तो पंधरा मिनिटे बाहेर येत नाही, आणि बाहेर ताटकळणाऱ्या बारा जणांच्या रक्तदाबाला त्या पंधरा मिनिटांत जी भरती येते तिचे खापर पुढे बिचाऱ्या लोणच्या-पापडांवर फुटते.

मग आपली हाक येते. खुर्ची डॉक्टरांची असते. आपल्या वाट्याला स्टूल येते. लघवीचा नमुना तपासणीनंतर द्यावयाचा आहे असे कंपाउंडरने बजावून ठेवल्यामुळे मूत्राशयाविषयीच्या कलमाचा भंग कर्तव्यबुद्धीनेच झालेला असतो. शर्टाची बाही वर सरकवायची तर ती दंडाशी येऊन आवळून बसते. पुण्यात जानेवारीत असाल तर स्वेटर, त्याखाली शर्ट आणि त्याखाली आणखी एक बंडी अशी तटबंदी असते आणि तीवरूनच पट्टा गुंडाळण्यात येतो. 'हात सैल सोडा,' असे डॉक्टर म्हणतात. आजवर कोणत्याही मनुष्याला हुकमाने हात सैल सोडता आलेला नाही. तो हात अधांतरी लोंबकळतो, आणि पट्टा हृदयाच्या पातळीखाली दहा सेंटिमीटर उतरला तर केवळ रक्ताच्या वजनाने माप सुमारे ८ मिलिमीटरने वाढते, हा भौतिकशास्त्राचा साधा हिशेब त्या वेळी तेथे कोणाच्याच गावी नसतो. इतक्यात डॉक्टर फुगा दाबता दाबता, केवळ आपुलकीने, विचारतात, 'काय, मुलीचं जमलं की नाही कुठं?' नुसते बोलण्यानेही दाब दहा-एक मिलिमीटरने वर जाऊ शकतो, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मग जे बोलणे मुलीच्या लग्नाविषयी आहे त्याचे काय विचारावे! आपण पत्रिका, हुंडा आणि मुलाकडची माणसे यांची कैफियत सादर करीत असतो, डॉक्टर कानांत नळ्या घालून मान हलवीत असतात, आणि या संवादाचे फलित म्हणून कागदावर १६० उमटतात.

पट्ट्याच्या रुंदीचे प्रकरण तर याहून नाजूक आहे. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ऐंशी टक्के तरी लांब असावी, असा नियम आहे, कारण पट्टा अपुरा पडला की आतली धमनी दाबण्यास अधिक जोर लागतो आणि आकडा खोटाच फुगतो. दवाखान्यात मात्र एकच पट्टा असतो आणि तो वामनमूर्ती कारकुनापासून कोल्हापूरच्या तालमीत चाळीस वर्षे जोर-बैठका काढलेल्या वस्तादांपर्यंत सर्वांस समबुद्धीने लावला जातो. वस्तादांच्या दंडावर तो जेमतेम टोकाला टोक भिडवून बसतो, दोन वेळा फुसकन सुटतो, तिसऱ्या वेळी कंपाउंडर त्यावर तळहात दाबून धरतो, आणि ज्या पुरुषाला आयुष्यात कोणी चीत केले नाही तो 'आजपासून मीठ बंद' हे तीन शब्द ऐकून खाली मान घालून जिना उतरतो. उलट कृश म्हाताऱ्यांच्या काडीसारख्या दंडाला हाच पट्टा दोन वेढे घेतो आणि त्यांचा खराखुरा वाढलेला दाब निर्दोष सुटतो. ही चूक आजची नाही. १८९६ साली इटलीतील तुरीन येथे शिपिओने रिवा-रोची या वैद्याने दंडाला बांधावयाच्या हवेच्या पट्ट्याचे जे उपकरण प्रसिद्ध केले, त्यातला मूळ पट्टाच पाच-एक सेंटिमीटर रुंदीचा होता; तो माप वाढवून दाखवतो हे पुढे ध्यानात आले आणि पट्टा रुंद झाला.

तत्पूर्वी हे माप घेण्याची जी रीत होती तिच्याशी तुलना करता आपले स्टूल राजसिंहासन वाटावे. इंग्लंडातील टेडिंग्टन गावचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांना, परमेश्वराच्या सेवेतून सवड काढून, प्राण्यांच्या रक्ताला किती जोर असतो याची चौकशी करावीशी वाटली. त्यांनी एक घोडी उताणी बांधली, तिच्या मांडीतल्या धमनीत पितळेची नळी घातली, तिला काचेची उंच नळी जोडली आणि रक्त हृदयाच्या पातळीवर ८ फूट ३ इंच चढलेले पाहिले. हा वृत्तांत त्यांनी १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. घोडीचा दाब त्या प्रसंगी स्वाभाविक होता की प्रसंगोपात्त वाढलेला होता, हा प्रश्न रेव्हरंड साहेबांनी उपस्थित केलेला नाही. परंतु उताणे बांधून, समोर धर्मोपदेशक उभा करून घेतलेले माप विश्रांतीचे धरावे काय, याविषयी आज कोणतेही वैद्यकमंडळ प्रतिकूलच मत देईल. पुढे पारा आला. पारा रक्ताहून सुमारे तेरापट जड असल्यामुळे, जे काम घोडीच्या बाबतीत नऊ फुटी नळीला करावे लागले ते फूटभर काचेत भागू लागले, आणि धमनी कापण्याऐवजी ती बाहेरून दाबण्याची युक्ती सापडल्यामुळे रुग्ण माप घेतल्यानंतरही घरी जाऊ लागले.

रिवा-रोची यांना नाडीला बोट लावून फक्त वरचा आकडा मिळत असे. खालचा आकडा आपल्या संसारात आणला तो निकोलाय कोरोत्कोव या रशियन शल्यवैद्याने. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय विद्यालयात त्याने एक निवेदन केले, जे छापले असता पानभरही भरत नाही. पट्ट्याखालची धमनी पूर्ण दाबली असता कानाला काही ऐकू येत नाही. हवा हळूहळू सोडली की रक्त चोरवाटेने निसटू लागते आणि 'टक् टक्' असा ध्वनी येतो, तो वरचा दाब. आणि धमनी पूर्ण मोकळी होऊन ध्वनी नाहीसा होतो, तो खालचा. इतक्या थोड्या शब्दांत इतके चिरस्थायी काम करणारा दुसरा सरकारी नोकर मला तरी ठाऊक नाही.

परंतु हा ध्वनी ऐकावयास स्तब्धता लागते. गणेशोत्सवाच्या अगोदर दीड-दोन महिने पुण्यात ढोलपथकांचा सराव चालतो, आणि त्या काळात नदीकाठच्या दवाखान्यांतून कोरोत्कोवचे ध्वनी ऐकून माप घेतले जाते असे जर कोणी शपथेवर सांगेल, तर त्याला कानांपेक्षा श्रद्धेची देणगी अधिक असली पाहिजे. शिवाय हवा दर सेकंदास दोन-तीन मिलिमीटर इतक्या धीम्या गतीने सोडावी असा नियम असल्यामुळे, १८० पासून ६० पर्यंत उतरावयास चाळीस सेकंदांपासून मिनिटापर्यंत वेळ जातो. बाहेर तीस माणसे बसलेली असताना एवढा वेळ एका दंडाला देणे व्यवहारात बसत नाही. सबब झडप एकदम सैल होते, पारा सुसाट खाली येतो, आणि वाटेत जी स्थानके लागतात त्यांपैकी मोठ्या स्थानकांचीच नावे वाचता येतात. म्हणूनच केसपेपरांचे दप्तर उघडून पाहावे तो १३०-८०, १४०-९०, १५०-९०, असे शून्यांचे साम्राज्य पसरलेले दिसते. पाऱ्याच्या पट्टीवर खुणा दोन-दोनच्या असतात. त्या हिशेबाने शेवटी शून्य येण्याचा मान पाच मापांत एकदाच यावयास हवा. आर्यभटाच्या देशाने शून्याविषयी आदर बाळगावा हे योग्यच; परंतु इतर देशांतल्या डॉक्टरांचाही या बाबतीत असाच लौकिक असल्याचे अभ्यासकांनी नमूद केले आहे.

आणि १४०-९० या रेषेवर शून्याला फार किंमत पडते. १३८ चे १४० झाले की मनुष्याची जन्मभराच्या गोळीशी सोयरीक जमते. १४२ चे १४० झाले की 'काठावर आहे, पुढच्या महिन्यात बघू' अशी मुदत मिळते. अमेरिकेतील हृद्रोग-मंडळांनी तर ही रेषाच १३ नोव्हेंबर २०१७ रोजी १३०-८० वर ओढली, आणि आदल्या रात्री निरोगी म्हणून निजलेले कोट्यवधी लोक सकाळी रुग्ण होऊन उठले. साथीच्या रोगांनाही इतका वेग साधलेला नाही.

पांढऱ्या कोटाचा धाक ही काही भित्र्या माणसांची सबब नव्हे. मिलान येथे जुझेप्पे मांचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या धमनीतच सूक्ष्म नळी ठेवून रात्रंदिवस दाबाची नोंद घेतली आणि डॉक्टर खोलीत येतात तेव्हा काय होते ते १९८३ साली प्रसिद्ध केले. डॉक्टर खाटेजवळ आले की वरचा दाब सरासरी २५ मिलिमीटरहून अधिक चढे आणि ते गेले की ओसरे. पुढे त्यांनी असेही दाखवले की परिचारिका माप घ्यावयास आली असता ही चढण पुष्कळच कमी असते. याच्या उलट असाही एक वर्ग निघाला की ज्याचा दाब दवाखान्यात सज्जनासारखा वागतो आणि घरी किंवा कचेरीत गेल्यावर उसळतो. या दुसऱ्या वर्गात पुरुषांची संख्या किती आणि घरी नेमके कोण असते, याचा खोलात जाऊन तपास करण्याचे धैर्य मला नाही.

इतके सगळे असून हे माप सोडून देण्याची तजवीज कोणी करीत नाही, आणि करूही नये, कारण या व्याधीला दुखणे म्हणून काही नसते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची प्रकृती उत्तम असल्याचे त्यांचे खासगी वैद्य लोकांना सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते कोसळले तेव्हा त्यांचा दाब ३००-१९० भरला. पृथ्वीवरचा सर्वांत सामर्थ्यवान पुरुष, दिमतीला आरमाराचे डॉक्टर, आणि त्या काळी हाताशी औषध म्हणावे असे जवळजवळ काही नाही. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी आपल्या सर्पगंधेच्या मुळीचे उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील प्रयोग एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले. त्या कार्यासाठी १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. ज्या मुळीची वैदूंच्या झोळीत वर्षानुवर्षे वर्णी लागत होती तिला परळमध्ये पट्टा, पारा आणि वही यांची साक्ष मिळाली, तेव्हा कुठे जगाने तिचा जबाब ग्राह्य धरला. माप हे असे उपयोगाचे असते. फक्त ते माप असले पाहिजे.

दवाखान्याचा आकडा भरवशाचा नाही असे कळताच सुशिक्षित समाजाने घरोघर विजेचे यंत्र आणले. घरी घेतलेल्या मापाला १३५-८५ ही मर्यादा धरतात आणि ते नीट घेतले तर दवाखान्यातल्या मापाहून अधिक विश्वसनीय ठरते, हे खरे. परंतु नीट घेण्याची अट येथेही सुटत नाही. आमच्या सोसायटीत एक सेवानिवृत्त महसुली अधिकारी आहेत. त्यांनी रक्तदाबासाठी लाल बांधणीची स्वतंत्र खातेवही केली असून तीत तारीख, वेळ, हात डावा की उजवा, आणि शेरा असे रकाने पाडले आहेत. शेऱ्याच्या रकान्यात 'बातम्या पाहिल्यानंतर', 'पाणीपट्टीचे बिल आले', 'धाकट्या मेहुण्याचा फोन' अशा नोंदी आढळतात. आकडा मनासारखा आला नाही की ते लगेच दुसऱ्यांदा घेतात, तो वाढलेला निघाला की तिसऱ्यांदा घेतात, आणि अशा रीतीने रक्तदाब मोजण्यामुळे जो वाढतो तो रक्तदाब मोजण्याचा एक संपूर्ण इतिहास त्यांच्या संग्रही जमला आहे. वही घेऊन ते डॉक्टरांकडे गेले की डॉक्टर ती बाजूला ठेवून आपला पट्टा काढतात. तो आकडा साहेबांना मान्य नसतो, साहेबांचा डॉक्टरांना मान्य नसतो, आणि तडजोडीने जो तिसरा आकडा मुक्रर होतो त्यावर गोळी चालू राहते.

शास्त्राने या झगड्यावर काढलेला तोडगा मला फार मार्मिक वाटतो. २०१५ साली अमेरिकेत ९,३०० हून अधिक लोकांवरचा जो मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात पुष्कळ ठिकाणी रुग्णाला खोलीत एकटे बसवून, स्वयंचलित यंत्राने पाच मिनिटे थांबून, ओळीने तीन मापे आपोआप घेतली. म्हणजे हेल्सपासून अडीच शतकांहून अधिक काळ नळ्या, पट्टे, पारा आणि कान यांत सुधारणा करीत आल्यावर, शेवटची सुधारणा करावयाची राहिली होती ती डॉक्टरांनी खोलीबाहेर जाण्याची. आपल्याकडे अडचण एवढीच की डॉक्टर बाहेर गेले तरी सौभाग्यवती, थोरले चिरंजीव आणि सहज बरोबर आलेले शेजारी आत असतात, आणि पाच मिनिटे तोंड मिटून बसलेला मनुष्य पाहिला की आपल्या लोकांना 'काय हो, बरं वाटत नाही का?' असे विचारल्यावाचून राहवत नाही.

तरीही ही गोष्ट अशक्य नाही, हे मी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहिले. उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणाची जी सरकारी मोहीम २०१७ साली देशात सुरू झाली आणि आपल्या राज्यातही आली, तिच्यामुळे अशा केंद्रांवर विजेचे यंत्र आणि प्रत्येक रुग्णाचे कार्ड असते. तेथल्या सिस्टरबाईंनी पाठ असलेली एकुलती एक लाकडी खुर्ची भिंतीशी लावून ठेवली होती, शेजारच्या टेबलावर पट्टा बरोबर उंचीवर यावा म्हणून जुन्या नोंदवह्यांची चवड रचली होती, आणि खुर्चीत एक धोतर-मुंडाशातले आजोबा बसले होते. 'आजोबा, पाय खाली. बोलायचं नाही.' आजोबांबरोबरचा नातू काही सांगू लागला, त्याला व्हरांड्यात पाठवले. तेवढ्यात तरुण डॉक्टर आत डोकावून काही विचारू लागले, तर बाईंनी त्यांच्याकडे न पाहताच 'सर, दोन मिनिटं बाहेर थांबता का?' असे म्हटले, आणि डॉक्टर थांबले. यंत्र घुमले, थांबले, मिनिटाने पुन्हा घुमले.

'एकशे चौतीस, ब्याऐंशी,' बाई म्हणाल्या. 'झकास आहे आजोबा.'

आजोबांच्या मुद्रेवर झकासपणाचे चिन्ह दिसेना. मागल्या महिन्यात तालुक्याला त्यांचा दाब एकशे सत्तर निघाला होता, आणि त्या आकड्याच्या बळावर त्यांनी घरात दुपारची झोप, उन्हातून रानात जाण्याची माफी आणि सुनेने त्यांच्याशी आवाज चढवून बोलू नये हा ठराव, अशी तीन कलमे पदरात पाडून घेतली होती. बाई कार्डावर लिहू लागल्या तसे ते पुढे वाकले.

'बाई, हे लिवायलाच पायजे का?'

'लिहावं लागतं, आजोबा.'

'मग लिवा,' आजोबा म्हणाले. 'पर वरचा त्यो मागचा आकडा तेवढा खोडू नका.'